मामींच्या गळ्यातल्या कसाच्या काड्या

आमच्या संघाने अलीकडे काढलेल्या स्मरणिकेत आणीबाणीच्या काळाला एक ओळ मिळाली आहे : या काळात संघाचे कार्य काहीसे मंदावले होते. ती ओळ वाचून मी संपादक मंडळास पत्र लिहिले. उत्तर न आल्याने स्मरणपत्र लिहिले. त्यासही उत्तर न आल्याने नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह, पुन्हा लिहिले. पोचपावती आली, उत्तर आले नाही. ज्या वर्षांत संघाचा चिटणीस या नात्याने मी जीपच्या आवाजासरशी दाराची कडी तपासत असे, त्या वर्षांची वासलात एका सभ्य क्रियापदाने लावण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला, हा माझा प्रश्न होता आणि आहे. उत्तर येणार नाही असे आता दिसते. म्हणून घडले ते मीच लिहून ठेवतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील सोनार, तांबट, ओतारी आणि मिरजेकडचे चांदीवर कोरीव काम करणारे मुसलमान कारागीर यांचा तो संघ. त्याला स्वतःची इमारत नव्हती, फलक नव्हता. एक पितळी डबी होती, आणि संघाची सारी सत्ता त्या डबीत होती. तिच्यात कसाच्या काड्या असत : काडेपेटीतल्या काडीहून थोड्या लांब, सोन्याच्या, प्रत्येकीचे सोने ठरलेल्या कसाचे, एक शुद्ध, तिच्या खालोखाल दुसरी, असे करीत अगदी हलक्या सोन्यापर्यंत. गिऱ्हाईक आणि सोनार, किंवा सोनार आणि सोनार, यांच्यात सोन्याच्या शुद्धतेवरून तंटा झाला की डबी उघडायची. कसोटीच्या काळ्या दगडावर तंट्यातल्या सोन्याची रेघ ओढायची, तिच्या शेजारी काडीची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा, थेंब फिरवायचा आणि कोणती रेघ कशी टिकते ते पाहायचे. काडी बोलली की तंटा मिटला. कोर्टात गेलेला एकही तंटा मला आठवत नाही, आणि मी कोर्टाच्याच आवारात पोट भरत होतो.

डबीचा एक नियम होता. ती एक वर्ष साताऱ्यात राही, एक वर्ष सांगलीत. कोणत्याही एका गावाला काड्यांशी खेळ करण्याइतका अवधी मिळू नये, हा त्यामागचा हेतू. ज्याच्याकडे डबी असे त्यानेच ती वार्षिक सभेच्या वेळी जातीने दुसऱ्या गावी पोचवायची. साताऱ्यात हा मान माझ्या मामांकडे होता. मामा संघाचे अध्यक्ष, साताऱ्यातले जुने घडणकाम करणारे सोनार. मी त्यांच्याच घरी वाढलो; पण डोळे अधू म्हणून सोनारकामाच्या पाटावर बसण्याऐवजी एका वकिलांकडे कारकून झालो, आणि अर्ज लिहिता येतात एवढ्या गुणावर संघाचा चिटणीस.

सुवर्ण नियंत्रण कायद्याची प्रत वकिलांच्या कपाटात होती. ती मी कलमागून कलम वाचली, आणि व्याख्येच्या कलमापाशी माझे बोट अडले. सळई, तार, पत्रा, गोळी, ज्या ज्या रूपातले सोने अद्याप दागिना झालेले नाही, ते बाळगण्याचा अधिकार परवानाधारकाला आणि मर्यादेत राहून प्रमाणपत्र घेतलेल्या सोनाराला. इतर कोणाला नाही. संघ यांपैकी काहीच नव्हता. म्हणजे ज्या डबीवर दोन जिल्ह्यांचा विश्वास होता ती डबी, कायद्याच्या दृष्टीने, चोरट्या सोन्याची डबी होती. ती मामांच्या देव्हाऱ्याखाली होती. सापडली असती तर मामांचे प्रमाणपत्र जाणार होते, आणि बहुधा मामाही.

"मामा, ही डबी घरात ठेवणे हा गुन्हा आहे," मी सांगितले.

"डबी माझ्या गुरूंच्या गुरूंपासून आहे. कायदा कधीचा?"

"कायदा नंतरचा. पण तुरुंग आत्ताचा आहे."

"मग तुझ्या वकिलाला सांग, कायदा बदलून घे."

मी उपाय सुचवला की काड्या त्यांनी आपल्या नोंदवहीत स्वतःच्या म्हणून दाखवाव्यात. प्रमाणपत्राच्या मर्यादेत त्या सहज बसत होत्या. मामांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"माझ्या नाहीत त्या."

"कागदापुरत्या हो."

"कागदापुरती चोरी कर म्हणतोस?"

मी सरकारकडे सूट मागणारे अर्ज लिहायला घेतले आणि प्रत्येक अर्ज अर्ध्यावर फाडला, कारण सूट मागायची तर वस्तू आहे हे आधी कबूल करावे लागते. असा हा कायदा होता. तो करणाऱ्यांनी उभ्या आयुष्यात कसोटीचा दगड हातात धरला नसावा, असे माझे तेव्हाही मत होते; फक्त तेव्हा ते मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांना चहाच्या दुकानात बोललेल्या एका वाक्यावरून नेले होते आणि त्यांच्या घरच्यांना कुठे नेले हेही कोणी सांगत नव्हते. उतारावर जीप गिअर बदलते तो आवाज आला की कचेरीत माझी लेखणी थांबे. आवाज पुढे गेला की पुन्हा चाले.

त्या वर्षी डबी सांगलीला द्यायची पाळी होती. सभा भरवणे धोक्याचे, म्हणून सांगलीच्या मंडळींनी एका सराफाच्या माडीवर सत्यनारायणाची पूजा ठेवली होती. प्रश्न एवढाच होता की डबी एसटीतून न्यायची कशी. लपवून नेण्याला माझा विरोध होता. लपवणे म्हणजे गुन्हा माहीत असल्याची स्वतःच दिलेली कबुली. मी कायदा पुन्हा वाचला, आणि जिथे बोट अडले होते त्याच पानावर वाट दिसली. अंगावर घालण्यासाठी तयार केलेली सोन्याची वस्तू म्हणजे दागिना. आणि बाईच्या गळ्यातला दागिना त्या सळयांच्या भानगडीत येत नव्हता.

"प्रत्येक काडीला वर एकेक कडी झाळून टाका," मी मामांना म्हणालो. "दोऱ्यात ओवा. माळ झाली. मामींच्या गळ्यात घालू."

मामा इतके संतापलेले मी क्वचित पाहिले. सांधणीची झाळ ही मुळात हलक्या सोन्याची. आच लागली की ती काडीच्या अंगात उतरणार, आणि कस किती खाली गेला हे देवालाही सांगता येणार नाही.

"झाळ लागलेली काडी घेऊन मी सांगलीला जाऊ? त्यापेक्षा तुरुंगात जातो. तिथे निदान कोणी माझ्या काडीवर सोनं पारखणार नाही."

"मामा, तुम्ही तुरुंगात गेलात तर मामींनी काय करायचे?"

मामांनी दुपारी दुकानाची फळी लावून घेतली, शेगडी पेटवली आणि एक काडी चिमट्यात धरली. तिला झाळ लावली नाही. वरचे टोक नुसते वाकवून त्याचा आकडा केला. शुद्ध काड्या हातानेच वाकल्या. हलक्या कसाच्या कडक, त्या तुटू नयेत म्हणून आचेवर मऊ करून घेतल्या. सोन्यात बाहेरचे काहीही मिसळले नाही. खालची टोके, ज्यांची रेघ ओढायची, ती होती तशी राहिली. भर दिवसा दुकान बंद ठेवलेले पाहून कोणी विचारायला येईल या धास्तीने मी दाराच्या फटीशी उभा होतो.

मामींनी माळ हातात घेऊन उजेडाकडे धरली. त्या खटाव तालुक्यातल्या, आणि इतकी वर्षे साताऱ्यात राहूनही त्यांची बोली तिकडचीच होती.

"आवं, ही माळ हाय? दातकोरण्या बांधल्यासारखं दिसतंय."

"गळ्यात शोभेल तुमच्या," मामा म्हणाले.

"एवढ्या वर्षांत कवा न्हाई ते शोभा बघाय लागला."

त्यांना मी बजावले की सांगलीत काड्या सुपूर्द होईपर्यंत माळ काढायची नाही, आणि मुख्य म्हणजे तिला सारखा हात लावायचा नाही. पहिली सूचना त्यांनी पाळली.

कराड मागे पडले आणि पुढे एका नाक्यावर एसटी थांबवली गेली. दोन शिपाई आणि एक अधिकारी आत चढले. सोन्याचीच तपासणी होती की आणखी कशाची, कोण विचारणार? बोचकी उघडली जात होती. मामांच्या पिशवीत कसोटीचा दगड, तेजाबाची बाटली आणि रिकामी पितळी डबी निघाली.

"सोनार का?" अधिकाऱ्याने विचारले.

"होय. प्रमाणपत्र आहे." मामांनी ते दाखवले.

तेवढ्यात मामींचा हात पदराखाली गळ्याशी गेला. अधिकाऱ्याने ते पाहिले.

"बाई, गळ्यात काय आहे?"

"माळ हाय."

"दाखवा."

त्यांनी पदर सारला. अधिकारी वाकून बघत राहिला. मग त्याने आम्हा तिघांना खाली उतरायला सांगितले. मागच्या बाकावरचा एक निवृत्त जवान करवादला, "सायेब, म्हाताऱ्या बाईची कसली झडती घेताय? आमाला सांगलीला वेळंवर पोचायचं हाय." दुसऱ्या कोणी तोंड उघडले नाही. सगळे खिडकीबाहेर बघू लागले, आणि त्या बघण्याने मला जास्त भीती वाटली.

नाक्यावरच्या खोलीत मी कायदा सांगायला सुरुवात केली. दागिन्याची व्याख्या, अंगावर घालण्याचा हेतू, वस्तूचे तयार स्वरूप. वाक्ये तरी बरोबर होती.

"वकील आहात?"

"वकिलांचा कारकून."

"मग कारकुनासारखं बोला."

तो माणूस वाईट नव्हता, हे आज म्हणतो. तो म्हणाला, हा दागिना आहे की माळेत ओवलेल्या सळया आहेत हे मला कळत नाही; जवळच्या गावातून जाणकार पंच बोलावतो, तो सांगेल ते लिहू. एक शिपाई सायकलवरून गेला. तो परतेपर्यंत मामा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, आणि मी मनातल्या मनात जामिनाचा अर्ज रचत होतो.

पंच म्हणून जो आत आला त्याला पाहून जामिनाचा अर्जही माझ्या डोक्यातून गेला.

तो गलाईवाला होता. सांगली जिल्ह्यातली पुष्कळ माणसे सोने गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. हा पोरवयात दक्षिणेकडच्या एका शहरात गेला आणि धंदा शिकून परत आला होता. घडणारे सोनार आणि गाळणारे गलाईवाले एका संघात असावेत की नाही यावर आमच्यात वाद होता, आणि मामा नको म्हणणाऱ्यांत होते. काही वर्षांपूर्वी त्याने शुद्ध म्हणून दिलेल्या सोन्यावर एका सराफाने तक्रार केली. डबी उघडली. काडी त्याच्या विरुद्ध बोलली. भर सभेत मामांनी त्याला सुनावले, "ज्याच्या हाताला कस कळत नाही त्याने मूस खाली ठेवावी." तुमच्या काड्याच खोट्या आहेत, असे म्हणून तो उठून गेला होता. त्यानंतर तो संघात फिरकला नव्हता.

आता त्याच्यापुढे त्याच काड्या होत्या.

"माळ काढून द्या," अधिकारी मामींना म्हणाला.

"काढायची न्हाई. सवाशिणीच्या गळ्यातलं उतरवा म्हणताय?"

"ऱ्हाऊ द्या, सायेब," गलाईवाला म्हणाला. "आज्जी, जरा पुढं वाका."

तो त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. आपला दगड काढला. माळेतली एक काडी दोन बोटांत धरून रेघ ओढली, मग दुसरी, मग तिसरी. तेजाबाचा थेंब फिरवला. पहिल्या रेघेलाच त्याने ओळखले होते. त्याची बोटे क्षणभर थबकली ती मी पाहिली. त्याने मान वळवून मामांकडे बघितले.

"कुणी घडवलंय हे?"

"मी," मामा म्हणाले.

तो उठला. "सायेब, दागिना हाय ह्यो. पर असला भिकार दागिना म्या जन्मात बगितला न्हाई. एक काडी शुद्ध, शेजारची हिणकस, तिसरी तिसऱ्याच कसाची. एकीचा दुसरीला मेळ न्हाई." आणि मामांवरची नजर न काढता तो सावकाश म्हणाला, "घडवणाराच्या हाताला कस कळत न्हाई."

अधिकारी हसला. "काय हो, खरं का?"

त्या वेळी मला जी भीती वाटली तशी पुढे कधी वाटली नाही, जीपची नाही, तुरुंगाची नाही. मी मामांना ओळखत होतो. आपल्या काडीला खोटे म्हटलेले त्यांनी कधी ऐकून घेतले नव्हते. प्रत्येक काडी नेमल्या कसाची आहे, एवढे एक खरे वाक्य त्यांच्या तोंडून गेले असते तर ती माळ तिथेच सुटून काड्या झाली असती. त्यांचे ओठ हलले. मामी जमिनीकडे बघत होत्या.

"उमेदवारीतलं काम आहे," मामा शेवटी म्हणाले. "चुकलं."

पंचनाम्यात 'स्त्रीच्या अंगावरील जुना दागिना, घडण निकृष्ट' असे लिहिले गेले. मजकुरात दोन ठिकाणी माझी रीतसर हरकत नोंदवण्यासाठी मी तोंड उघडले, आणि मामींनी माझ्या पायावर आपला पाय असा दाबला की मी मुकाट्याने सही केली.

बाहेर एसटीपाशी गलाईवाला मामांच्या शेजारी आला.

"काड्या खोट्या नाहीत," मामा त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"ठावं हाय मला. पर माझं सोनंबी खोटं नव्हतं. त्यातला तुकडा म्या अजून जपलाय. पुन्यांदा लावून बगशीला?"

"उद्या सांगलीत पूजा आहे. पूजेला कोणीही येतं."

तो आला. माडीवर पूजा आटोपली होती, शिऱ्याचा वास दरवळत होता, आणि संघाची माणसे जाजमावर दाटीने बसली होती. नाक्यावर काय झाले ते सर्वांना कळले होते. त्याने कनवटीचा तुकडा काढून मामांपुढे ठेवला. मामी पाटावर बसल्या. माळ काढायची नाही हे ठरलेले होते, म्हणून दगडच त्यांच्या गळ्याशी न्यावा लागणार होता.

मी मामांना गॅलरीत ओढले. मला जे दिसत होते ते त्यांना का दिसत नव्हते? ज्याच्या एका वाक्यावर आमचा पंचनामा उभा होता तो माणूस आत बसला होता. उद्या तो नाक्यावर गेला आणि 'मी परवा खोटे सांगितले' असे म्हणाला, तर दागिन्याच्या पुन्हा सळया होणार होत्या, आणि या खेपेला माडीवरच्या सगळ्यांसकट.

"मामा, त्याचे सोने बरोबर आहे म्हणा. या एकदाच. काल तुम्ही बोललातच की."

"काल खोटं बोललो ते माझ्याबद्दल," मामा म्हणाले. "आज काडीबद्दल बोलायचंय."

ते आत गेले. मामी वाकल्या. एक रेघ, तिच्या शेजारी दुसरी, दोन्हींवर थेंब. मामांनी दगड उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा धरला.

"कमी आहे," ते म्हणाले. "थोडं आहे, पण कमी आहे."

गलाईवाल्याने दगड त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः पाहिला. बराच वेळ पाहिला.

"म्हंजे तवाबी कमीच हुतं."

"होय."

त्याने तुकडा कनवटीला लावला, द्रोणातला प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला आणि जिना उतरून गेला. मी मामांवर इतका चिडलो होतो की तो दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. चिडलो होतो असे आज लिहितो. खरे तर मी घाबरलो होतो. सांगलीच्या एकाही सोनाराने डबी ठेवून घेतली नाही. कोणाच्या बायकोला माळ आवडेना, कोणाला आठवड्याभरात परगावी जायचे निघाले. नियम प्रथमच मोडला आणि काड्या मामींच्या गळ्यात, त्याच एसटीने, त्याच रस्त्याने परत निघाल्या.

नाक्याच्या अलीकडच्या थांब्यावर गाडी थांबली आणि गलाईवाला आत चढला.

मी मामींच्या पुढे सरकून बसलो, जणू माझ्या खांद्याने ती माळ झाकली जाणार होती. त्याने कंडक्टरकडून तिकीट घेतले आणि आमच्याकडे पाठ करून दाराशी दांडा धरून उभा राहिला. तो आम्हाला नाक्यावर उतरवून देणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती. कोणती कलमे लागतील ती मी मोजत होतो आणि मला पुढचे कलम आठवेना. मामा समोर बघत होते. त्यांनी त्याला पाहिले होते.

नाका आला. शिपायाने दारातून डोके आत घातले.

"परवाचीच म्हातारी हाय," गलाईवाला त्याला म्हणाला. "ती भिकार माळंवाली. पंचनामा झालाय तिचा. पुन्यांदा मला बोलवाय सायकल दामटत येऊ नगंस, गड्या, माझी भट्टी इजती."

शिपाई हसला, दार आपटले आणि गाडी सुटली. पुढच्या थांब्यावर गलाईवाला उतरला. मामांकडे त्याने पाहिले नाही.

पुढे सांगलीत तंटा उद्भवला की मी त्याला एक पोस्टकार्ड टाकत असे : मामी अमुक वारी येत आहेत. दुसरा शब्द नाही. त्यानेही कधी उत्तर पाठवले नाही. पण नाक्याअलीकडच्या थांब्यावर तो उभा असे, चढे आणि नाक्यापलीकडे उतरे. या खेपेला तो काय बोलेल याची धास्ती मला दर वेळी तेवढीच वाटली. एकदा मामी त्याला म्हणाल्या, "आवं, बसा की. दाराशी का उभं ऱ्हाता?"

"बसलो तर माळ बगावी लागंल, आज्जी," तो म्हणाला, आणि दांडा धरून तसाच उभा राहिला.

संघाच्या स्मरणिकेत सर्व अध्यक्षांची छायाचित्रे आहेत. मामांचेही आहे. मामींचे नाही, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या त्या माणसाचे तर नाहीच. त्याला आम्ही कधी सभासदही करून घेतले नाही.